थोरलीच्या कडीची गाठ

२१ नोव्हेंबर. आज संग्रहालयाच्या भांडारात नव्याने आलेल्या वस्तूंना क्रमांकाच्या फिती बांधायच्या आहेत. लाकडी पेट्या, दोन पानदानं आणि एका बंद पडलेल्या बँडची पितळी वाद्यं. काम कंटाळवाणं आहे आणि मला ते आवडतं. पांढरी सुती फीत घ्यायची, त्यावर पक्क्या शाईने क्रमांक घालायचा आणि ती वस्तूला अशी बांधायची की एक टोक ओढलं की गाठ सुटावी. हाताखालच्या मुली विचारतात, "मॅडम, इतकी सैल कशाला? पडली तर?" मी म्हणते, नियम आहे. नियम आहेच, पण मी तो इतक्या काटेकोरपणे पाळते याचं कारण आमच्या गावी, उमेळ्याला घडलं होतं. ते उभ्याउभ्या सांगून होत नाही, म्हणून इथे लिहिते.

आमचं घर उमेळ्यात, रस्त्याच्या आतल्या अंगाला. एका बाजूला आमची केळीची वाडी, दुसऱ्या बाजूला दुसऱ्या कुणाची वाडी होती तिथे इमारती उठत होत्या. सकाळी जाग यायची ती आईच्या कोयत्याने. ती पहाटे केळीची पानं कापायची. आधी कोयत्याचा सप्प आवाज, मग पान खाली येतानाची सळसळ. नऊ वाजले की पलीकडचं पाया ठोकायचं पायलिंगचं यंत्र सुरू व्हायचं आणि मांडणीवरचे पेले एका लयीत थरथरायचे. आई त्या लयीवर भाकऱ्या थापते, असं बाबा म्हणायचे. तांदळाची भाकरी, बरोबर सुकटीची चटणी नाहीतर वालाचं बिरडं, आणि श्रावणात फक्त बिरडं. बाबा मुंबईत विमा कचेरीत होते, आई वाडी बघायची. घरात कोण काय बोललं यापेक्षा कुणी पंप बंद केला का याची चौकशी जास्त व्हायची. अशा घरात वाढल्याने मला भावनांविषयी लांबलचक बोलता येत नाही. त्याचं मला फारसं वाईटही वाटत नाही.

बी. कॉम. झाल्यावर मी वर्षभर एका कुरिअरच्या कचेरीत पावत्या फाडल्या. मग वर्तमानपत्रात जाहिरात दिसली: कला व्यवस्थापन आणि सांस्कृतिक वारसा, पदव्युत्तर अभ्यासक्रम, दोन वर्षं. खाली लिहिलं होतं की संग्रहालयं, नाट्यगृहं, वारसा संस्था यांत नोकरीची संधी. मी 'नोकरी' हा शब्द वाचून अर्ज केला. बाकीचे शब्द नंतर कळले.

"म्हंजे काय शिकवतात गो त्यात?" आईने विचारलं.

"जुन्या वस्तू, चित्रं, नाटकं, देवळं. ती नीट राहावीत, लोकांनी बघावीत, त्यासाठी पैसे कुठून आणायचे, माणसं कशी नेमायची. सगळी व्यवस्था."

"आनी याला दोन वरसं?"

ओटीवर जनीआत्या बसली होती. बाबांची चुलत बहीण. गावात कुणाच्याही घरी तिच्यासाठी पाट मांडावा लागत नसे, ती स्वतःच घेऊन बसायची. ती म्हणाली, "भंगाराची राखन. पन इंग्लिशमधे."

ते नाव चिकटलं. देवळाच्या पारावरची माणसं मला विचारायची, "काय वंदना, भंगाराची परीक्षा कधी?" मी हसून पुढे जायचे, कारण पहिले काही महिने मलाही वेगळं काही सांगता आलं नसतं. मग एकदा आम्हाला एका संग्रहालयाच्या भांडारात नेलं. आम्हाला शिकवणाऱ्या नाडकर्णी मॅडमनी हातमोजे चढवले आणि एक रुंद खण हळूहळू ओढला. आत लहान बाळाचं टोपडं होतं. जरीचं, कुठल्या तरी श्रीमंत घरचं. मॅडमनी ते किंचित कलतं केलं. आतल्या अस्तरावर बाळाच्या डोक्याच्या घामाचा पिवळट डाग होता, वाटीएवढा. ते बाळ म्हातारं होऊन मेलेलंही असेल आणि त्याच्या घामाचा डाग मात्र तिथे होता, थंड खोलीत, कोणीतरी रोज तापमान बघत होतं म्हणून. मॅडम म्हणाल्या, "हा डाग धुवायचा नाही. वस्तूला हात लावण्याआधी तीनदा विचार करायचा आणि शक्यतो हात लावायचाच नाही." मी पावत्या फाडणारी मुलगी. त्या दिवसापासून ते वाक्य माझ्यासाठी देवळातल्या घंटेसारखं झालं.

शेवटच्या सत्राला प्रकल्प होता: एखाद्या समाजाकडे असलेला, संग्रहालयात नसलेला वस्तुसंग्रह शोधायचा, त्याची नोंद करायची आणि त्याच्या जतनाची योजना मांडायची. वर्गातल्या मुली जुन्या घराण्यांकडे, शिल्पकारांकडे गेल्या. माझ्या ओळखीचं घराणं एकच, आमचं, आणि आमच्याकडे जुनं म्हणावं असं फक्त पंपाचं इंजिन होतं. तेव्हा मला देवळामागची खोली आठवली. तिथे गावकीची भांडी होती. गावात लग्न असो, बारसं असो, जेवणाची मोठी भांडी कुणाच्या घरची नसत, गावाची असत. तांब्याची पातेली, पितळी पराती, घंगाळं, झारे, कढया. मला कळू लागेपर्यंत केटरर आले होते आणि खोलीला कुलूप लागलं होतं.

किल्ली भाऊकाकांकडे होती. ते गावकीच्या कमिटीचे प्रमुख. माणूस सरळ, बोलायला कोरडा. "काढ फोटो, पायजे तेवढे," ते म्हणाले. "पन लवकर आटप. दिवाळी झाली की ती मोडीत जानार. त्याच्या बदल्यात खुर्च्या घेतोय, प्लास्टिकच्या. लोक आता खाली बसत नाय."

मला वाईट वाटलं का? थोडंसं. पण मी तेव्हा अशी समजूत करून घेतली होती की नीट नोंद झाली म्हणजे वस्तू वाचली. कागदावर राहील, फोटोत राहील, हेही काही कमी नाही.

खोलीत वटवाघळांचा वास होता. छोटी भांडी पुढे, मोठी मागे, आणि सगळ्यांच्या मागे भिंतीला टेकून थोरली. तिला दुसरं नाव नव्हतं. तांब्याची डेग, माझ्या छातीपर्यंत उंच, बाहेरून काळी कुळकुळीत, दोन बाजूंना दोन कड्या. मी बॅटरीचा झोत आत टाकला तर तो तळापर्यंत जाईपर्यंत मऊ झाला. कडीचा वरचा भाग वापरून वापरून इतका झिजला होता की तिथे ती खालच्या भागाच्या निम्मी उरली होती. तांबं हातांनी झिजतं. किती हात लागले असतील याचा मी अंदाज करायला गेले आणि सोडून दिला. तिथे उभं असताना मला त्या टोपड्याच्या डागाची आठवण झाली. मी हातमोजे घातले. चार दिवस मी मापं घेतली, ब्रशने धूळ काढली, कल्हई कुठे उडाली ते टिपलं आणि शिकवल्याप्रमाणे प्रत्येक भांड्याच्या कडीला पांढऱ्या फितीवर क्रमांक घालून बांधला. थोरलीला एक नंबर. कुलूप लावून किल्ली परत दिली.

दिवाळीनंतरच्या एका सकाळी आई वाडीतून धावत आली. आई धावत नसे. "चल," ती म्हणाली, "तू काय केलंस त्या भांड्यांना?"

देवळामागे टेम्पो उभा होता. टेम्पोवाला आणि त्याचे हमाल बिड्या ओढत होते. भाऊकाका खोलीच्या दारात कमरेवर हात ठेवून उभे, आणि आजूबाजूला अर्धं गाव. मी पोचले तशी सगळी माझ्याकडे वळली आणि हसली. ते हसणं मला कळेना. जनीआत्या पुढे आली आणि तिने माझी हनुवटी धरली.

"कोन गो जावई? आमाला सांगितलंस पन नाय!"

"कसला जावई?"

"सगळी भांडी बांधलीस. थोरलीसकट. येवढं मोठं लगीन गावात झालं नाय अजून."

मग मला कळलं. गावात भांडी मागायची रीत अशी होती: ज्याच्या घरी कार्य, त्या घरची बाई आपल्या जुन्या लुगड्याची चिंधी फाडून, जे भांडं हवं त्याच्या कडीला बांधून यायची. चिंधी बांधलेलं भांडं दुसऱ्याने उचलायचं नाही. हलवायचंसुद्धा नाही. कार्य झालं, भांडी घासून परत आली की दुसऱ्या सकाळी जिने बांधली तिनेच सोडायची. वही नव्हती, पावती नव्हती, भांडण नव्हतं. मी लहान असतानाच हे थांबलं होतं, म्हणून मला ठाऊक नव्हतं. आईला ठाऊक होतं, पण मी खोलीत काय करते हे तिने विचारलं नव्हतं आणि मी सांगितलं नव्हतं.

"भाऊकाका, त्या नंबराच्या फिती आहेत," मी म्हटलं. "कॉलेजच्या."

"फीत काय नि चिंधी काय. कडीला बांधली ना?" ते हमालांकडे बघत म्हणाले. "मी कमिटीचा मानूस. मी जर बांधलेलं भांडं उचललं, तर उद्या माझं कोन ऐकेल? तू सोड. एक मिंटाचं काम हाय. सोड, म्हंजे यांना भरू दे."

"आनी नाय सोडली तर?" हा प्रश्न आईने विचारला. ती माझ्या मागे उभी होती, हातात अजून कोयता होता.

"नाय सोडली तर पौर्निमेच्या आत हिने गावाला जेवन घालायचं. रीत तीच हाय. चूल नाय पेटली, तर भांडी मोकळी. मग मना बोल लावायचा नाय."

टेम्पोवाल्याने भोंगा वाजवला. मी खोलीत गेले, थोरलीपाशी. गाठ ओढली असती तर सुटली असती, मी तशीच बांधली होती. मी टोक बोटात धरलं. माझ्याकडे तिची उंची होती, परीघ होता, जाडी होती, सहा कोनांतून फोटो होते. ती काय करते हे मात्र मी कधी पाहिलं नव्हतं. तीनदा विचार करायला शिकवलं होतं, तसा केला. टोक सोडून दिलं आणि बाहेर आले.

"जेवण घालते," मी म्हटलं.

गर्दीतून कोणीतरी ओरडलं, "लग्नाशिवाय?" आणि परत हशा झाला. टेम्पो रिकामा गेला. बाबा संध्याकाळी घरी आले तेव्हा त्यांचं रस्त्यावरच तीन जणांनी अभिनंदन केलं होतं.

आता प्रश्न कल्हईचा होता. तांब्याला आतून कल्हई नसेल तर त्यात शिजवता येत नाही. आणि कल्हई करायची म्हणजे आतला जुना थर खरवडायचा. म्हणजे तो डाग धुवायचा. मी मॅडमना फोन केला आणि सगळं सांगितलं. त्यांनी उलट मलाच विचारलं.

"भांडी कुणाची आहेत, वंदना?"

"गावाची."

"मग मला का विचारतेस?" मग त्यांचाच आवाज खाली आला. "आधी आतल्या थराचे फोटो नीट काढ. आणि जेवण कधी आहे ते कळव. मी येते."

कल्हईवाला नालासोपाऱ्याहून आला. देवळाच्या अंगणात त्याने खड्डा खणून भाता लावला. भांडं निखाऱ्यावर तापलं की तो आत नवसागर टाकायचा, पांढरा धूर उठायचा, डोळे झोंबायचे, मग कथलाची कांडी फिरवायची आणि कापसाच्या बोळ्याने एक वळसा. त्या एका वळशाबरोबर काळा तळ चांदीचा व्हायचा. मी प्रत्येक भांडं होताना पाहिलं आणि प्रत्येक वेळी तोंड उघडं राहिलं. थोरलीत तर त्याला कडेवरून कमरेपर्यंत वाकून लांब चिमट्याने बोळा फिरवावा लागला, अर्धा आत, अर्धा बाहेर. तो निघाला तेव्हा मी वाकले, आणि तळातून माझा चेहरा माझ्याकडे बघत होता, मागे आभाळ. इतकी वर्षं काळोखात ती हे आत घेऊन बसली होती, असा काहीतरी विचार आला आणि मी तो झटकला. आजही मी तो पूर्ण झटकू शकलेले नाही.

जेवणाचं बोलावणं मी घरोघरी जाऊन केलं. कोणी विचारलं नाही की काय निमित्त. तांदूळ, वाल, नारळ, गूळ, ज्याच्याकडे जे होतं ते ओटीवर येऊन पडलं. आईने पानांसाठी निम्मी वाडी भादरली.

त्या दिवशी सकाळी जनीआत्या आली ती काष्टा घालून, पदर खोचून. चरावर, म्हणजे जमिनीत खणलेल्या लांब चुलीवर, थोरली चढवायला दोन्ही कड्यांतून बांबू घातला. भाऊकाका स्वतः एका टोकाला लागले. सहा माणसांनी ती उचलली तेव्हा ती वाजली. आपटून नव्हे, नुसती उचलल्यावर, खोल, घुमत, आणि अंगणातले सगळे बोलायचे थांबले. पलीकडचं पायलिंगचं यंत्र चालू होतं, तरी तो आवाज ऐकू आला. म्हातारी माणसं एकमेकांकडे बघू लागली. मला वाटतं त्यांना कुठली कुठली लग्नं आठवली असतील.

"आता बगत काय बसलात?" जनीआत्या ओरडली. "पानी! पानी आना!"

ती घाबरली होती. मला जवळून दिसत होतं. वीसेक वर्षांत तिने घरच्या चौघांपलीकडे रांधलं नव्हतं. ती आधण आलं की नाही ते तीन-तीनदा बघत होती आणि दर वेळी कुणावर तरी खेकसत होती. भात उतरवायला उशीर झाला, तळाला धरला. बिरडं कमी पडलं. दुसऱ्या पंगतीला कच्च्या केळ्याची भाजी पाणी घालून वाढवावी लागली. पण खीर, नारळाच्या रसातली, गुळाची, थोरलीच्या शेजारच्या पातेल्यात शिजत होती आणि तिचा वास देवळाशेजारच्या, आधीच राहती झालेल्या नव्या इमारतीच्या चौथ्या मजल्यापर्यंत गेला. माणसं गॅलरीत आली. मग जिन्यावरून उतरून फाटकाशी आली.

"भंडारा आहे का?" एकीने विचारलं. साळवीवहिनी, नुकत्याच राहायला आलेल्या, मूळच्या रत्नागिरीच्या, अंगावर मोरपंखी ओढणी.

"नाय, हिचं लगीन हाय, फक्त नवरा नाय," जनीआत्या म्हणाली. "बसा. पान घ्या."

त्या बसल्या. त्यांच्या मागोमाग इमारतीतले बाकीचेही बसले, आणि नाडकर्णी मॅडमही, साडी सावरत, माझ्या आईच्या शेजारी मांडी घालून. मी वाढत होते. वाढताना मला एकदम कळलं की अंगणात कोणी कुणाला काम सांगत नाहीये. जनीआत्या ओरडत होती, पण तिच्या ओरडण्याच्या आधीच हात हलत होते. बांबू कुणी धरायचा, राख कुणी ओढायची, पाणी कुणी आणायचं. ज्या बायका वर्षानुवर्षं एकमेकींशी बोलत नव्हत्या त्या एकाच परातीत दोन्ही बाजूंनी भात मोकळा करत होत्या. हे सगळं कुठे होतं इतकी वर्षं? माझ्या नोंदीत त्यासाठी रकाना नव्हता. मी पळी हातात घेऊन उभी राहिले, आणि कुणीतरी "अगो, इकडे खीर!" म्हणेपर्यंत हलले नाही.

जेवून उठताना साळवीवहिनींनी विचारलं, "ही भांडी भाड्याने मिळतात का हो? आमच्या सोसायटीची पूजा आहे."

"भाड्यानं नाय," जनीआत्या म्हणाली. मग तिने भाऊकाकांकडे पाहिलं. भाऊकाका दात कोरत होते. त्यांनी मान दुसरीकडे वळवली, हो नाही आणि नाहीही नाही. "चिंधी बांधायची," जनीआत्या म्हणाली. "अंगावरची, जुनी. विकतची चालनार नाय."

संध्याकाळी बायकांनी राख आणि काथ्या घेऊन भांडी घासली, धुतली, उलटी टाकून निथळवली आणि दिवेलागणीच्या आत खोलीत नेऊन ठेवली. मॅडम निघताना मला फक्त एवढंच म्हणाल्या, "क्रमांक एकच्या पुढे तू 'वापरातून गेलेली' असं लिहिलं आहेस. ते बघ." आणि रिक्षात बसल्या.

भाऊकाकांनी किल्ली देताना आठवण केली. "उद्या सकाळी सोडायची. रीत तीच हाय. सोडल्यावर भांडी मोकळी. टेम्पोवाला माझ्याकडे फोनवर फोन करतोय."

"आहे लक्षात," मी म्हटलं. रात्री मला झोप लागली. कामाने लागते.

दुसऱ्या सकाळी आईचा कोयता सुरू व्हायच्या आधी मी देवळामागे गेले. कुलूप उघडलं. खोलीत वटवाघळांचा वास जाऊन राखेचा आणि ओल्या तांब्याचा वास होता. पुढच्या भांड्यांपासून सुरुवात केली. एकेक टोक ओढायचं, फीत खिशात टाकायची. शेवटी थोरलीपाशी पोचले. एका कडीला माझी फीत होती. दुसऱ्या कडीला, झिजलेल्या भागाच्या जरा खाली, मोरपंखी ओढणीची एक लांब चिंधी बांधलेली होती, कडेला शिवण उसवलेली. काल संध्याकाळी भांडी आत येत असतानाच कधीतरी बांधली असणार. गाठ अशी होती की बांधणाऱ्या बाईने आयुष्यात पहिल्यांदाच हे केलं होतं, दोन फेरे आणि वर एक ढिला पीळ. भांडं हललं असतं तर निसटली असती.

मी माझी फीत टोक ओढून सोडली आणि खिशात घातली; ती सुटण्यासाठीच बांधलेली होती. मग, दुसरीची गाठ सोडायची नसते हे ठाऊक असूनही, ती ओढणीची गाठ सोडवली, चिंधी नीट सारखी केली आणि दोन्ही हातांनी ओढून पुन्हा बांधली, घट्ट. एका टोकाने न सुटणारी. दार लावलं, किल्ली भाऊकाकांच्या ओटीवर ठेवली आणि थोरली पुन्हा बांधलेली आहे असा टेम्पोवाल्याला फोन करायला त्यांना सांगून घरी भाकरी खायला गेले.